राजा, परीक्षक आणि देवाच्या नावाची शपथ : 1634 मधील एक प्रकरण

9 जानेवारी 1634 च्या सकाळी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने सर हेन्री हर्बर्टला आपल्या खासगी दालनात बोलावून घेतले. हर्बर्ट हा दरबाराचा 'मास्टर ऑफ द रेव्हल्स'. राजाच्या करमणुकीची व्यवस्था पाहायची आणि त्याच अधिकारात लंडनमधल्या नाटकांना परवानगी द्यायची, हे त्याचे काम. महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तिथे हे काम या एका माणसाच्या हातात होते.

राजाने त्याला खिडकीपाशी नेले आणि विल्यम डॅव्हनंटच्या 'द विट्स' या नव्या विनोदी नाटकाची संहिता पुढे घेतली. हर्बर्टने तिच्यावर जागोजागी काट मारली होती. राजाने ती प्रत्येक जागा स्वतः तपासली. बहुतेक ठिकाणी त्याने परीक्षकाचे म्हणणे मान्य केले, पण काही शब्द तसेच ठेवायला सांगितले. 'फेथ', 'डेथ' आणि 'स्लाइट' हे ते शब्द. राजाचे म्हणणे असे, की या शपथा नाहीत. माणूस बोलणे ठासून सांगताना असे शब्द वापरतो, एवढेच.

हर्बर्टने मान तुकवली. आपल्या कार्यालयीन वहीत मात्र त्याने नोंद केली : राजेसाहेब हे शब्द शपथा मानत नाहीत, माझ्या धन्याचा निर्णय म्हणून मी तो नम्रपणे स्वीकारतो, पण माझ्या मते या शपथाच आहेत, आणि माझे मत व माझी शरणागती दोन्ही इथे नोंदवून ठेवतो. ती मूळ वही पुढे हरवली. एडमंड मलोन या अभ्यासकाने 18 व्या शतकात तिच्यातले उतारे छापले नसते, तर हा वाद आपल्यापर्यंत पोचलाच नसता.

सर्वसत्ताधीश राजा आणि त्याचा पगारी नोकर तीन बारक्या शब्दांवर अडतात, हे आज वाचताना नवल वाटते. पण आज आपल्या ख्रिस्ती मंडळीत, शब्बाथ शाळेत, घराघरांत आपल्या मुलांच्या तोंडी दिवसभर 'ओ माय गॉड' असते, आणि त्याला हरकत घ्यावी की न घ्यावी यावर आईवडिलांचे एकमत होत नाही. तो वाद अगदी हाच आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दात देवाचे नाव उरते की उरत नाही? मला हर्बर्टची बाजू पटते, आणि त्याच्या हातातले हत्यार पटत नाही. दोन्हीची कारणे देतो.

ते शब्द कुठून आले

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये माणसे बोलण्याबोलण्यात ख्रिस्ताच्या शरीराची शपथ घेत. देवाच्या जखमांची शपथ, देवाच्या रक्ताची शपथ, देवाच्या मरणाची, देवाच्या प्रकाशाची. मग जीभ घाई करू लागली. 'गॉड्स वूंड्स'चे 'झाउंड्स' झाले, 'गॉड्स ब्लड'चे 'स्ब्लड', 'गॉड्स लाइट'चे 'स्लाइट'. देवाचे नाव झिजून पुढचा एक 'स' तेवढा उरला. 'फेथ' म्हणजे आपल्या विश्वासाची शपथ.

ख्रिस्ती माणसाला या यादीकडे नुसते भाषेची गंमत म्हणून पाहता येत नाही. त्या जखमा वधस्तंभावरच्या आहेत. ते रक्त म्हणजे प्रभुभोजनाच्या प्याल्यापाशी आपण ज्याचे स्मरण करतो ते. बकिंगहॅमशायरमधल्या ब्रॉटन गावच्या चर्चमध्ये 15 व्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. मधोमध मरीया आपल्या मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसली आहे. भोवती झकपक कपड्यांतले तरुण उभे आहेत आणि त्यांच्या हातात ख्रिस्ताच्या शरीराचे तुकडे आहेत. ज्याने ज्या अवयवाची शपथ घेतली, तो अवयव त्याच्या हातात. त्या काळचे उपदेशक हेच सांगत, की तुम्ही खेळता खेळता शपथ घेता तेव्हा प्रभूचे शरीर पुन्हा फाडता. चित्र पाहायला सोपे नाही, पण एका शब्दात काय काय दडलेले असते ते गावच्या निरक्षर माणसालाही त्यावरून कळत असे.

धर्मसुधारणेनंतर भित्तिचित्रे बऱ्याच ठिकाणी चुन्याखाली गेली, आज्ञा मात्र राहिली. बायबलमधल्या निर्गमच्या 20 व्या अध्यायातली, परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नकोस ही. (आपल्याकडे नगरच्या प्रॉटेस्टंट घरात ती तिसरी आज्ञा म्हणून पाठ करतात आणि वसईच्या कॅथलिक घरात दुसरी. मोजणी वेगळी, आज्ञा तीच.) शपथ व खोटी साक्ष यांविरुद्धचे एक प्रवचन 1547 पासून इंग्लंडच्या चर्चमधून नेमाने वाचले जात होते. आंग्लिकन मंडळीच्या 39 कलमांपैकी शेवटचे कलमच शपथेवर आहे : उगाच घेतलेली शपथ प्रभू येशूने आणि याकोबाने मना केली आहे; न्यायाधीशाने मागितलेली, सत्यासाठी आणि न्यायासाठी घेतलेली शपथ चालते.

कायदा आला

1606 मध्ये पार्लमेंटने खास नटांसाठी कायदा केला. नाटकात, सोंगात किंवा खेळात देवाचे, ख्रिस्त येशूचे, पवित्र आत्म्याचे वा त्रैक्याचे नाव थट्टेने किंवा अनादराने घेतल्यास प्रत्येक वेळी 10 पौंड दंड. निम्मा राजाला, निम्मा खटला भरणाऱ्याला. तेव्हा लेखकाला एका संपूर्ण नाटकाचे साधारण 6 पौंड मिळत, यावरून दंड किती जबर होता ते लक्षात येईल. शिवाय खबर देणाऱ्याला वाटा असल्यामुळे प्रेक्षकांत बसलेला कोणीही पैशाच्या आशेने कान टवकारून बसू शकत होता. पुढे 1624 मध्ये सामान्य माणसालाही दर शपथेमागे 12 पेन्स दंड लागू झाला. तो पैसा गावातल्या गरिबांसाठी.

नाटक कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. 'गॉड'च्या जागी 'हेवन' किंवा 'जोव्ह', म्हणजे रोमन लोकांचा ज्युपिटर. पवित्र नाव वाचवायला मूर्तिपूजकांचा देव कामाला लावला. कायदा पाळला गेला, आणि शपथा घेण्याची सवय जशीच्या तशी राहिली.

या छाटणीचा सगळ्यात ठळक पुरावा शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त मिळतो, कारण त्याच्या दोन प्रती एका वर्षाच्या अंतराने छापल्या गेल्या : एक 1622 ची सुटी प्रत, दुसरी 1623 च्या मोठ्या संग्रहातली. पहिलीत असलेल्या पन्नासहून अधिक शपथा दुसरीत नाहीत. सुरुवातीलाच नाटकातला खलनायक इयागो 'स्ब्लड' म्हणून तोंड उघडतो. संग्रहात तो शब्द उडालेला आहे. मध्यरात्री एका म्हाताऱ्या बापाला उठवताना तो 'झाउंड्स' ओरडतो, तेही गेले. ही छाटणी नेमकी कोणाच्या हातची, यावर अभ्यासकांत वाद आहेत.

याच दोन प्रतींतला आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. नाटकाच्या शेवटी ऑथेल्लो निरपराध डेस्डिमोनाचा गळा दाबतो. 1622 च्या प्रतीत ती त्या क्षणी 'ओ लॉर्ड, लॉर्ड, लॉर्ड' अशी हाक मारते. 1623 च्या प्रतीत ती हाक नाही. बहुधा त्याच कात्रीत ती गेली असावी. नाटकभर लबाडीने आणि दारूच्या धुंदीत घेतलेली देवाची नावे काढली, ते ठीक. पण जीव जाताना एका बाईने देवाला खरोखर मारलेली हाकही त्यांच्याबरोबर निघाली. स्तोत्रकर्ता खोल स्थळांतून परमेश्वराला हाक मारतो, तशीच ती हाक होती. नाव दिसले की काढायचे, एवढेच ज्याला ठाऊक त्याला शिवी आणि प्रार्थना यांतला फरक कसा कळणार?

हर्बर्ट इतका काटेकोर का होता

हर्बर्ट 1623 पासून या पदावर होता, पण 1633 चे वर्ष त्याला जड गेले. बेन जॉन्सनच्या एका नाटकातल्या आक्षेपार्ह मजकुरावरून प्रकरण थेट धर्मन्यायालयात गेले होते, आणि नटांनी आधी दोष लेखकावर आणि हर्बर्टवर ढकलून पाहिला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दुसरा अर्ज करून तो परत घेतला, तेव्हा कँटरबरीचे नवे आर्चबिशप विल्यम लॉड यांनी हर्बर्टला दोषमुक्त केले. त्याच महिन्यात त्याने एका जुन्या नाटकाचा प्रयोग ऐन वेळी थांबवला आणि ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहाच्या संहिता सांभाळणाऱ्याला पत्र लिहिले : मी पुस्तक साफ केले आहे तशी नटांची भाषणेही साफ करा, शपथा, अनादर आणि उघड अश्लीलता यांच्याएवढा नाटकधंद्याचा मोठा शत्रू नाही. शिवाय विल्यम प्रिन या प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट पंथातल्या, वकिलाचा नाटकांवर तुटून पडणारा हजारावर पानांचा ग्रंथ नुकताच आला होता आणि प्रिन तुरुंगात खटल्याची वाट पाहत होता. नाटकात एखादी शपथ निसटली, तर रंगभूमीच्या शत्रूंना आयते कोलीत मिळणार होते.

म्हणजे नोकरीची भीती होतीच. पण ती एवढीच असती, तर राजाने स्वतः परवानगी दिल्यावर हर्बर्ट सुटकेचा श्वास टाकून गप्प बसला असता. जबाबदारी आता राजाची होती. तरीही त्याने आपले वेगळे मत लिहून ठेवले. ते मत त्याला वरिष्ठ, आर्चबिशप वा प्रिन यांपैकी कोणालाच दाखवायचे नव्हते. म्हणून मी त्याला कारकुनी बाणा म्हणत नाही, सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. त्याच वर्षी जुलैत जेम्स शर्लीचे एक शपथमुक्त नाटक वाचून त्याला इतका आनंद झाला होता, की इतर लेखकांनी याचा कित्ता गिरवावा असे त्याने वहीत लिहिले. हा माणूस मनापासून ऐकत होता.

त्याच्या घरातही याचे उत्तर असावे. कवी आणि धर्मगुरू जॉर्ज हर्बर्ट हा त्याचा सख्खा भाऊ. तो मार्च 1633 मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात एका तरुणाला केलेला उपदेश आहे. ज्याने तुझे तोंड घडवले त्याचे नाव तू त्या तोंडाने व्यर्थ घेऊ नकोस, असे तो सांगतो. कामवासनेत आणि दारूत निदान सुख तरी असते, लोभात निदान फायदा तरी असतो. पण सवयीने शपथा घेणारा माणूस आपला आत्मा उघड्या मोरीतून फुकट वाहू देतो. इतक्या थोडक्यात आणि इतके नेमके मी या विषयावर दुसरीकडे वाचलेले नाही.

राजाचे म्हणणे कुठे कमी पडते

राजा धर्मशील होता, बेफिकीर नव्हता. एंडिमियन पोर्टर या दरबाऱ्याने डॅव्हनंटची तक्रार त्याच्याकडे नेली, तेव्हा त्याने हर्बर्टला डावलले नाही. त्याच्यासमोरच एकेक जागा पाहिली, आणि पुस्तकही पोर्टरच्या हातून न घेता हर्बर्टमार्फतच परत जाईल असे बघितले. त्याच्या युक्तिवादातही तथ्य आहे. आपण 'आईशप्पथ' म्हणतो तेव्हा आईला साक्षीला उभी करतो का? नाही, नुसते आश्चर्य दाखवतो. 'स्लाइट' म्हणणाऱ्या लंडनकराला देवाच्या प्रकाशाची आठवण होत नव्हती. मग दोष कसला?

हे लोकांच्या सवयीवरून केलेले मोजमाप झाले. नाव ज्याचे आहे त्याची बाजू त्यात येत नाही. माझ्या नावाचा कोणी रोज शिंकल्यासारखा उच्चार करू लागला आणि 'तुझा विचार माझ्या मनातही नव्हता' अशी सबब सांगू लागला, तर त्या सबबीनेच मला जास्त लागेल. आज्ञा जे मना करते ते बहुतांशी हेच : नाव ओठांवर आणि नावाचा धनी मनातच नाही. शब्द झिजला म्हणून गुन्हा हलका होत नाही. तो किती वेळा घडला तेवढेच त्यातून कळते.

मराठी ख्रिस्ती माणसाला इथे एक खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आपण ज्या भाषेत वाढलो तिच्यात देवाचे नाव सहज तोंडात असणे ही भक्ती आहे. वाटेत माणूस भेटला की रामराम, दमून बसताना 'पांडुरंगा'. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारतो. देव त्याच्या मनातही नसतो, आणि तरी त्या नावाने तो तरतो. वारकरी कीर्तनात ही कथा ऐकलेल्या शेजाऱ्यांमध्ये आपण राहतो. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेली ती आज्ञा नेमकी उलट्या बाजूने येते : न कळत घेतलेले नाव तारत नाही, त्याचा जाब द्यावा लागतो. दोन्ही परंपरा नावाला जड मानतात, नाव म्हणजे नुसता आवाज असे कोणीच म्हणत नाही; पण त्या वजनाचे काय करायचे यावर त्यांची वाट फुटते. आपल्या मुलाला हा फरक समजावून न सांगता नुसते 'असे म्हणू नकोस' म्हटले, तर त्याला तो घरातला आणखी एक नियम वाटतो.

लंडनच्या नाटकवाल्यांनी देवाचे नाव खोडायला घेतले, त्याच दशकांत एक इंग्रज माणूस गोव्यात बसून ते नाव मराठीत गात होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले, आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नावाचा मान राखायचा तो नाव भरून, ओवीत घोळवून, समजून घेऊन. मला हा मार्ग 10 पौंडांच्या दंडापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

घरात आणि मंडळीत

या प्रकरणावरून मी स्वतःपुरते काही ठरवले आहे.

'अरे देवा!' या उद्गाराला मी हरकत घेत नाही, निदान घाईने घेत नाही. आजारपणाची बातमी कळली, हातातले दूध सांडले, गाडी चुकली. यांतल्या कोणत्या वेळी ती हाक आहे आणि कोणत्या वेळी नुसता सुस्कारा, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. ती सरसकट बंद केली, तर डेस्डिमोनाच्या हाकेचे झाले तेच घरात होईल. त्यापेक्षा मुलाला एकदा विचारावे, 'देवाला हाक मारलीस, आता काय सांगायचे आहे त्याला?' मूल बहुतेक वेळा खरेच काहीतरी सांगते.

इंग्रजी मालिकांतून उचललेले 'जिझस!' किंवा 'जिझस ख्राइस्ट!' मात्र वेगळे. तिथे आपल्या तारणाऱ्याचे नाव शिवीच्या जागी आले आहे, आणि ते कोणत्याही बाजूने हाक नाही. इथे मी हर्बर्टसारखाच अडून बसेन, समोर कोणीही असो. मोबाइलवरच्या 'ओएमजी'लाही 'स्लाइट'चाच न्याय लावतो. नाव झिजून आद्याक्षर उरले म्हणून ते दुसऱ्या कोणाचे होत नाही. मी ते लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिले तर दंड मागत नाही. पण घरच्यांनी कारण विचारले तर सांगतो.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच ठिकाणी वाटते. 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रॉटेस्टंटांची धर्मशिक्षणाची पोथी, या आज्ञेवर बोलताना शिव्याशाप आणि खोट्या शपथा यांच्याबरोबर अनावश्यक शपथांनाही मनाई करते, आणि दुसरा असे करत असताना गप्प बसणाऱ्यालाही त्या पापात भागीदार धरते. आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पास्टोरेट कमिटीची बैठक डोळ्यांपुढे आणा. उपासनामंदिराच्या छपराचे काम कोणाला द्यायचे यावर दोन मते आहेत. एक वडीलधारे गृहस्थ उठतात आणि म्हणतात, 'मी प्रार्थना केली, प्रभूने मला सांगितले आहे, काम अमक्यालाच द्या.' सगळे गप्प. आता विरोध करायचा तर प्रभूला विरोध. तरुण मुलांच्या 'ओ माय गॉड'वर दहा मिनिटे बोलणारे पाळकसुद्धा इथे मान खाली घालतात. 'स्लाइट' म्हणणाऱ्याने नाव वाया घालवले. या गृहस्थांनी ते कामाला जुंपले, स्वतःच्या मतावर देवाची सही घेतली. आज्ञेचा मूळ रोख खोट्या गोष्टीसाठी नाव वापरण्यावर आहे असे अनेक भाष्यकार मानतात, आणि त्या हिशेबाने हा अपराध कितीतरी मोठा आहे. येता-जाता 'प्रेझ द लॉर्ड', दर वाक्यामागे 'हालेलूया', वचन न पाळताना 'प्रभूची इच्छा असेल तर'. हेही त्याच रांगेत बसते. नटांवर कायदा झाला, व्यासपीठावरच्या माणसांवर कधी झाला नाही.

अशा बैठकीत मी एवढेच सुचवीन, की छपराच्या कामाबद्दल ज्याला जे वाटते ते त्याने 'मला वाटते' म्हणून सांगावे, तीन ठिकाणचे दर मागवावेत आणि हात वर करून ठराव करावा. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो' या ओळीला घाई करू नये.